फाईलीतलं कात्रण



माहितीच्या अधिकारात आम्ही तहसीलमधून आमच्या बेड्याच्या जमिनीची फाईल मागितली होती. पानाला 2 रुपये, असे 128 रुपये भरले आणि 64 पानं हातात आली. तलाठ्याचा पंचनामा, मंडळ अधिकाऱ्याचा अहवाल, माझ्या आजोबाच्या नावानं फाडलेल्या दंडाच्या पावत्यांच्या झेरॉक्स, नोटिसा. हे सगळं असणारच होतं. पण पान नंबर 41 वर एका पेपरचं कात्रण निघालं. जून 2022 चं. जमिनीच्या फाईलीत पेपरचं कात्रण काय करतंय, हे मला आधी कळलंच नाही.

कात्रणातला फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. हाच नसेल, पण असाच पाहिला आहे. मागं आठ पोलीस ताठ उभे. पुढं जमिनीवर पाच माणसं उकिडवी बसलेली, तोंडावर काळे बुरखे. डावीकडून दुसरा माझा मामा. बुरख्यातून मी त्याला त्याच्या पायावरून ओळखलं, डाव्या पायाचं एक बोट नाही त्याचं. वर जाड अक्षरात मथळा : दरोड्याच्या तयारीतील पारधी टोळी जेरबंद. खाली लिहिलं होतं की गोपनीय माहितीच्या आधारे पोलिसांनी सापळा रचला, जिवाची पर्वा न करता झडप घातली, कोयता, कुऱ्हाड, नायलॉन दोरी आणि मिरची पूड जप्त केली, आणि दोघे जण अंधाराचा फायदा घेऊन पसार झाले.

जे झालं ते असं. बाजूच्या गावातल्या एका शेतातून मोटारपंप आणि केबल चोरीला गेली होती. पहाटे तीनच्या सुमाराला गाडी बेड्यावर आली. घरात झोपलेली चार माणसं उचलली. पाचवा दुसऱ्या बेड्यावरून उचलला, पाहुणा होता बिचारा, लेकीला भेटायला आला होता. पाचवा कशाला पाहिजे होता हे मला पुढं वकील साहेबांनी सांगितलं. दरोडा म्हणायचं तर कायद्यात कमीत कमी पाच माणसं लागतात. चार भरली असती तर दरोड्याची तयारी झाली नसती. कोयता आणि कुऱ्हाड आमच्या घरात आहे, तुमच्या घरात नाही का? मिरची पूड तर कलेक्टरच्या घरात पण सापडेल. माझी आजी त्या दिवसापासून मिरची कुटायला बसली की म्हणते, "पाय रे बावा, हत्यार बनवून रायली मी."

सेशन कोर्टात केस चालली. पंच म्हणाला, मी कुठं गेलो नाही, ठाण्यात बसून सही केली. चोरीचा पंप आमच्याकडं सापडलाच नव्हता. 2024 च्या अखेरीस पाची जण निर्दोष सुटले. मधल्या काळात मामाचे दोन हंगाम गेले, मामीनं मंगळसूत्र मोडलं ते वेगळंच.

निकालाची प्रत घेऊन मी ती बातमी देणाऱ्या वार्ताहराकडं गेलो. म्हटलं, भाऊ, तुम्ही टोळी म्हणून छापलं होतं, आता निर्दोष म्हणून छापा. माणूस वाईट नाही. चहा पाजला. म्हणाला, "तुझं खरं हाय गड्या, पण सुटल्याची बातमी चालत नाही. वरून कापतेत." मग त्यानं मोबाईल उघडून दाखवला. पोलिसांचा आणि पत्रकारांचा एक ग्रुप आहे. त्यात रोज प्रेसनोट पडते, फोटोसकट. मथळा पण तयार असतो. वार्ताहराला पगार नाही, जाहिरात आणली तर कमिशन आहे. बेड्यावर यायचं म्हणजे पेट्रोल घरचं. संध्याकाळी सहाच्या आत बातमी पाठवायची. अशा माणसानं काय करावं? तो प्रेसनोट जशीच्या तशी पुढं ढकलतो. म्हणजे पेपरात जे आपण बातमी म्हणून वाचतो, ते बऱ्याच वेळा पोलिसांनी स्वतःविषयी लिहिलेलं असतं, खाली नाव फक्त वार्ताहराचं.

आता पान 41 कडं परत येतो. कात्रणाच्या आधीचं पान गावातल्या काही लोकांच्या अर्जाचं आहे, ऑगस्ट 2022 चं. त्यात लिहिलं आहे की ई-क्लास जमिनीवर बसलेले लोक गुन्हेगारी प्रवृत्तीचे आहेत, गावाच्या जीविताला आणि मालमत्तेला धोका आहे, त्यांना हटवावं, सोबत वर्तमानपत्राचे कात्रण जोडले आहे. आणि कात्रणाच्या पुढच्या पानावर साहेबांचा शेरा : कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता पाहता सदर अतिक्रमण प्राधान्याने काढावे, पोलीस बंदोबस्त मागवावा.

हे वाचून मी किती तरी वेळ तहसीलच्या पायरीवर बसून राहिलो. आमची अडीच एकर जमीन आजोबानं 1990 च्या आधीपासून वाहितीत आणलेली. दंडाच्या पावत्या आहेत. 28 नोव्हेंबर 1991 चा जीआर आपल्या चळवळीतल्या लेकराला पण पाठ आहे, की 14 एप्रिल 1990 पर्यंतची मागासवर्गीयांची अतिक्रमणं नियमित करायची. हा सवाल महसूल खात्याचा आहे. वाहिती किती सालापासून, पुरावा काय, जमीन किती, एवढंच बघायचं. पण एका कात्रणानं तो सवाल पोलीस खात्याचा झाला. त्यानंतर कुणी पावत्या पाहिल्या नाहीत. ऑक्टोबर 2022 मध्ये गायरानावरची अतिक्रमणं काढण्याचा हायकोर्टाचा आदेश आला, राज्यभर लाखांनी नोटिसा निघाल्या, आणि आमच्या तालुक्यात पहिल्या यादीत आमचा बेडा होता. प्राधान्यानं.

म्हणून मला म्हणायचं आहे की पेपर आणि सिनेमा पोलिसाला जसा दाखवतात, त्याचा आपल्या जमिनीशी थेट संबंध आहे. बातमी वाचून लोकांचं मत बनतं, आणि ते मत अर्ज होऊन फाईलीत जातं. साहेब पण सकाळी तोच पेपर वाचतो.

हे आजचं नाही. इंग्रजानं 1871 साली कायदा करून कित्येक जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. पण कायदा गेला तरी शब्द राहिला. पुढं सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि तीच माणसं त्या यादीत गेली. आम्ही फासेपारधी अनुसूचित जमातीत आहोत, कागदावर आदिवासी आहोत. पेपरात मात्र आम्ही आदिवासी कधीच नसतो, टोळी असतो. बँकेत घोटाळा झाला तर आरोपींची जात मथळ्यात लिहिलेली तुम्ही कधी वाचली का? मी नाही वाचली.

आता थोडं माझ्याविषयी खरं सांगतो. मला सिंघम आवडायचा. 2011 ला आला तेव्हा मी लहान होतो, पण टीव्हीवर किती वेळा पाहिला त्याला हिशेब नाही. बेड्यावरची आम्ही सगळी पोट्टी बाजीराव सिंघम व्हायचो. जयकांत शिक्रे व्हायला कुणी तयार नसायचं, मग सगळ्यात बारक्याला करायचो. बारावी झाल्यावर मी पोलीस भरतीची तयारी केली. 1600 मीटर पळायचं, गोळा फेकायचा. पहाटे पाचला रस्त्यावर पळत होतो तर गस्तीच्या गाडीनं अडवलं. कुठला? बेड्यावरचा. पळतोस काहून? साहेब, भरतीसाठी. हसले. दुसरं पोरगं असतं तर शाबास म्हणाले असते. मला दोन तास बसवून ठेवलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की सिनेमात मी चुकीच्या माणसाच्या जागी उभा राहून टाळ्या वाजवत होतो. ज्याला पट्ट्यानं मारतात, तो आमच्याकडचाच असतो.

त्या सिनेमाचा शेवट आठवा. अख्खं पोलीस खातं मिळून खलनायकाला संपवतं. कोर्ट नाही, साक्ष नाही, आणि आपण शिट्ट्या मारतो. मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती गौतम पटेल सप्टेंबर 2023 मध्ये एका कार्यक्रमात नेमकं ह्याच शेवटावर बोलले. पडद्यावर न्यायाधीश भित्रे, जाड चष्म्याचे आणि निकम्मे दाखवतात, आणि पोलीस एकटा येऊन न्याय करतो, हा संदेश धोक्याचा आहे, असा त्यांचा रोख होता. त्यांचं ऐकलं किती जणांनी? 1973 च्या जंजीरपासून आजपर्यंत वर्दीतला चिडलेला माणूस हाच आपला हीरो आहे. 1983 चा अर्धसत्य मात्र वेगळा होता. त्यातला पोलीस कोठडीत माणूस मारतो आणि स्वतः तुटतो. तो मी चळवळीच्या शिबिरात पाहिला. टीव्हीवर सिंघम दर आठवड्याला लागतो.

सिनेमातलं बाहेर कसं येतं बघा. 6 डिसेंबर 2019 ला हैदराबादजवळ एका डॉक्टर मुलीवरच्या अत्याचारातले चार आरोपी पोलिसांनी पहाटे गोळ्या घालून मारले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, चॅनेलवर दिवसभर तेच. त्याच महिन्यात आंध्र सरकारनं दिशा विधेयक आणलं, आणि त्याच्यावरून आपल्या राज्यानं डिसेंबर 2021 मध्ये शक्ती विधेयक मंजूर केलं. मग सुप्रीम कोर्टानं नेमलेल्या आयोगाचा अहवाल 2022 मध्ये बाहेर आला. आयोगाचे अध्यक्ष आपल्या विदर्भातलेच, निवृत्त न्यायमूर्ती सिरपूरकर. त्यांनी लिहिलं की पोलिसांची कहाणी खोटी आहे, जीव घ्यायच्या हेतूनंच गोळ्या घातल्या, आणि मेलेल्यांपैकी तिघं अल्पवयीन होते. तोवर फुलं वाळून गेली होती. अहवालाच्या दिवशी कुणी चॅनेलवर नाचलं नाही.

मुंबईच्या चकमकवाल्या अधिकाऱ्यांवर पेपरांनी पानंच्या पानं लिहिली. कुणी किती मारले याचे आकडे क्रिकेटच्या धावांसारखे छापले. त्यातलाच एक मोठा अधिकारी, प्रदीप शर्मा, त्याला 2006 च्या बनावट चकमकीत हायकोर्टानं 19 मार्च 2024 ला जन्मठेप दिली. प्रकरण पुढं सुप्रीम कोर्टात गेलं. आणि त्याच साली, 23 सप्टेंबरला, बदलापूरच्या शाळेतल्या प्रकरणाचा आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. लगेच बदला पुरा असे फलक लागले. त्या चिमुकल्या मुलींवर जे झालं त्याबद्दल मनात संताप येणारच, मला पण आला. पण तारीख पाहा. बरोबर दहा वर्षं आधी, 23 सप्टेंबर 2014 ला, महाराष्ट्राच्याच चकमकींच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की प्रत्येक चकमकीची स्वतंत्र चौकशी झाली पाहिजे, आणि चकमकीनंतर लगेच बढती किंवा शौर्याचं बक्षीस देऊ नये. जानेवारी 2025 मध्ये बदलापूरचा दंडाधिकाऱ्यांचा अहवाल हायकोर्टापुढं आला, त्यात पाच पोलिसांना मृत्यूला जबाबदार धरलं होतं. फलक लावणाऱ्यांनी नवा फलक काही लावला नाही.

कुणी म्हणेल, तू पोलिसांच्या विरोधात आहेस. नाही. आमच्या भागात एक बीट जमादार होते, त्यांनी एकदा बेड्यावरच्या बाईला रात्री स्वतःच्या गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. ती बातमी कुठंच आली नाही. पोलिसाचं चांगलं काम कोणतं, हे पण पेपरानंच ठरवून टाकलं आहे. मारलं, पकडलं, मुसक्या आवळल्या, तर काम. तक्रार लिहून घेतली, ॲट्रॉसिटीचा तपास वेळेत केला, भांडण मिटवलं, त्याला फोटो नाही. मग कोणता ठाणेदार कशाच्या मागं लागेल, तुम्हीच सांगा. त्याला पण वरून विचारतात, या महिन्यात कारवाया किती.

शब्द कसं काम करतो त्याचं मोठं उदाहरण नागपूरला आहे. 23 नोव्हेंबर 1994, हिवाळी अधिवेशन, गोवारी बांधवांचा मोर्चा. दिवसभर बाया-लेकरं थांबून राहिली, निवेदन घ्यायला कुणी आलं नाही. संध्याकाळी पोलिसांचा लाठीमार झाला आणि 114 माणसं मेली. जास्त करून बाया आणि लेकरं. त्याचं नाव काय पडलं? गोवारी चेंगराचेंगरी. चेंगराचेंगरी म्हटलं की असं वाटतं, गर्दीच गर्दीला चेंगरून मेली, काठी कुणाच्या हातात नव्हती. दाणी आयोग बसला, त्यानं सरकारला दोषी धरलं नाही. तिथं आता स्मारक आहे, उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचं नाव आहे. मी तिथं उभा राहिलो होतो. शहीद म्हणायचं आणि मारणारा कुणीच नाही, हे मला समजलं नाही.

पण एवढंच सांगून थांबलो तर मी पण त्या वार्ताहरासारखा अर्धीच बातमी दिली असं होईल. पेपरानं आणि लिहिणाऱ्यांनी कायदा आपल्या बाजूनं वळवला, असं पण झालं आहे. आणि त्यातली पहिली मोठी गोष्ट आपल्याच मुलखातली, आपल्याच पोरीची.

26 मार्च 1972. देसाईगंज पोलीस ठाणं, तेव्हा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोली. आदिवासी मजूर मुलगी, वय चौदा ते सोळा. घरच्यांबरोबर ठाण्यात आली होती. बाकीच्यांना बाहेर काढलं आणि दोन पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केला. तिचं नाव कायद्याच्या पुस्तकांत छापलेलं आहे, मी इथं लिहीत नाही. सेशन कोर्टानं पोलिसांना सोडलं. नागपूर हायकोर्टानं 1976 ला शिक्षा दिली. 1978 ला सुप्रीम कोर्टानं परत सोडलं. का? अंगावर जखमा नाहीत, ओरडली नाही, म्हणजे राजी असेल. ठाण्यात, रात्री, दोन वर्दीवाल्यांच्या पुढं एक आदिवासी पोरगी ओरडेल? आपल्यातली कोणतीही बाई सांगेल.

तिथंच ते संपलं असतं. पण 16 सप्टेंबर 1979 ला कायद्याच्या चार प्राध्यापकांनी, उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी, सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. पत्र लोकांपर्यंत गेलं, बायांचे मोर्चे निघाले, पेपरांना लिहावं लागलं. आणि 1983 ला कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, जास्त शिक्षेचा गुन्हा झाला, आणि अशा खटल्यात बाई म्हणाली मी राजी नव्हते, तर कोर्टानं तेच धरून चालायचं, असं ठरलं. एका पोरीची खरी गोष्ट छापली गेली म्हणून देशातल्या सगळ्या बायांचा कायदा बदलला. ती पोरगी मात्र आपला खटला हरलीच. हे पण विसरू नका.

दुसरी गोष्ट कात्रणांचीच आहे, म्हणून मला फार आवडते. 26 ऑगस्ट 1986 ला बंगालमधल्या कायदेविषयक मदत संस्थेचे डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या पेपरातल्या बातम्या दाखवून सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. कोर्टानं पत्रालाच याचिका मानलं. दहा वर्षं लागली, पण डिसेंबर 1996 ला निकाल आला आणि अटकेचे अकरा नियम झाले. पकडणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नाव पाहिजे, अटकेचा कागद करून त्यावर घरच्याची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही पाहिजे, नातेवाइकाला कळवलं पाहिजे, दर 48 तासांनी डॉक्टरची तपासणी पाहिजे. मामाच्या वेळेला यातलं काहीच झालं नाही, कारण आम्हाला माहीतच नव्हतं. म्हणजे तिकडं त्यांच्या पाकिटातल्या कात्रणांनी अटकेचे नियम केले, आणि इकडं आमच्या फाईलीतल्या कात्रणानं आम्हाला पहिल्या यादीत नेलं. फरक एवढाच की तिकडं मेलेल्या माणसाची बाजू कुणीतरी जाऊन विचारली होती.

आणि अगदी ताजी गोष्ट. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगात जातीप्रमाणे कामं कशी वाटतात, यावर लिहिलं. झाडू कुणाला, स्वयंपाक कुणाला. मग त्या स्वतःच सुप्रीम कोर्टात गेल्या. 3 ऑक्टोबर 2024 ला निकाल लागला, तुरुंगाच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितला. आणि त्याच निकालात कोर्टानं पोलिसांना बजावलं की विमुक्त जमातीच्या लोकांना मनाला येईल तसं उचलू नका. हा निकाल मी बेड्यावर वाचून दाखवला तर आजी म्हणाली, "कागदावर लिवलं ना? मंग ठेव जपून, लागन." सप्टेंबर 2023 मध्ये पण सुप्रीम कोर्टानं केंद्राला सांगितलं होतं की पोलिसांनी पेपरवाल्यांना माहिती कशी द्यायची याचे नियम करा, तीन महिन्यांत. आमच्या तालुक्यात प्रेसनोटा आहेत तशाच चालू आहेत. बुरखे पण तेच.

वरच्या पातळीवर पण हाच खेळ आहे. मार्च 2018 ला नाशिकहून आदिवासी शेतकरी पायी मुंबईला गेले, वनहक्काचे दावे निकाली काढा म्हणून. सत्तेतल्या एक खासदार बोलल्या, हा शहरी माओवाद आहे. पण त्याच दिवसांत फोटोवाल्यांनी सोललेल्या, रक्ताळलेल्या पायांचे फोटो काढले. दहावीच्या पोरांची परीक्षा बिघडू नये म्हणून मोर्चा रात्री चालत आझाद मैदानावर गेला, हे पण छापून आलं. मुंबईचे लोक पाणी आणि चपला घेऊन रस्त्यावर आले आणि सरकारला लेखी आश्वासन द्यावं लागलं. फोटो पायाचे होते म्हणून हे झालं. फक्त लाल झेंड्याचे आणि बॅरिकेडचे छापले असते तर तेच लोक म्हणाले असते, बंदोबस्त वाढवा. आणि आता जुलै 2025 ला विशेष जनसुरक्षा विधेयक विधिमंडळात मंजूर झालं. शहरी नक्षल हा शब्द आधी टीव्हीवर रुळला, मग विधेयकावर बोलताना सरकारच्या तोंडी आला. उद्या गायरानावर पेरणी करणाऱ्याला काय म्हणायचं हे कोण ठरवणार? मला वाटतं, जो पहिली प्रेसनोट पाठवेल तो.

म्हणून आमच्या बेड्यावर आम्ही काही गोष्टी चालू केल्या आहेत. त्या चुकत असतील तर सांगा. कुणाला उचललं तर त्याच रात्री, सकाळची वाट न पाहता, आमची नोट निघते. कोण, किती वाजता, कुठून, गाडीचा नंबर, पोलिसाच्या छातीवर नाव होतं का. ती नोट सगळ्या वार्ताहरांना जाते, साहेबाला जाते आणि एक प्रत आवक-जावकला देऊन पोच घेतो. भाषणबाजी लिहीत नाही. पहिल्या वेळेस आम्ही जुलमी सरकार, नराधम पोलीस असं सगळं लिहिलं होतं, कुणी एक ओळ छापली नाही. दुसऱ्या वेळेस फक्त वेळ आणि नाव लिहिलं, तर एका पेपरनं बातमीच्या शेवटी दोन ओळी घातल्या : मात्र नातेवाइकांनी हे आरोप फेटाळले असून संबंधितांना घरातून नेल्याचे म्हटले आहे. दोनच ओळी. पण त्या वेळी पाचवा माणूस शोधायला गाडी दुसरीकडं गेली नाही, आणि सकाळी तिघांना सोडून दिलं. यात आमच्या नोटेचा हात किती, ते मी छातीठोक सांगत नाही.

अडचणी पण आहेत. रात्री नोट लिहायला लिहिता येणारा माणूस बेड्यावर पाहिजे, आणि आमच्याकडं असे तिघंच आहेत, त्यातले दोघं सोंगणीच्या दिवसांत बाहेरगावी असतात. बाया घाबरतात. मामी अजून म्हणते, "पेपरात नाव नको आणू रे, मागं आलं तेवढं पुरं." तिचं चूक कसं म्हणू? आणि वार्ताहराशी भांडून उपयोग नाही, त्याला बेड्यावर बोलवावं लागतं, पेट्रोलचं बघावं लागतं. काही साथींना हे पटत नाही. ते म्हणतात विकत घेतल्यासारखं होतं. मी म्हणतो गाडीत पेट्रोल टाकणं आणि बातमी विकत घेणं यात फरक आहे. बैठकीत बोलू.

कात्रणाचं काय केलं ते सांगायचं राहिलं. निर्दोष सुटल्याच्या निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढली, तिला अर्ज जोडला की फाईलीतल्या पान 41 वरच्या बातमीतले पाची जण कोर्टानं सोडले आहेत, तरी हा निकाल त्याच फाईलीत लावावा, प्राधान्याचा शेरा मागं घ्यावा आणि 1990 च्या आधीच्या दंडाच्या पावत्या तपासाव्यात. आवकवाला आधी घेत नव्हता. म्हणाला, जमिनीच्या फाईलीत कोर्टाचा निकाल कशाला? मी पान 41 दाखवलं. मग शिक्का मारला. पोच माझ्याकडं आहे.

ज्या ज्या बेड्यावर, वस्तीवर अशा केसेस होऊन माणसं सुटली आहेत, त्यांनी निकालाच्या नकला काढून पुढच्या जिल्हा बैठकीला वाशिमला घेऊन याव्यात. मानोरा, मंगरूळपीर, मालेगाव, रिसोड, कारंजा, सगळीकडच्या. नकलेला पैसे नसतील तर केस नंबर तरी आणा. आणि आपापल्या जमिनीची फाईल मागवून बघा, तिच्यात कुणाचं कात्रण लागलं आहे.